वीतभर खड्डा

ऐका. शेकोटीत आणखी एक ओंडका सरकवा आणि ऐका. आणि तिकडं खाटेवर बसलेल्या मोठ्या मंडळींनी आज ‘आमच्या वेळी’ सुरू करायचं नाही. आज मी सांगणार. गेरूटोल्याच्या टेकडीची गोष्ट.

हर्षा खोब्रागडे दिवेलागणीला एकटी निघाली. कपाळावर दिवा, हातात कुदळ, खांद्यावर पिशव्यांची झोळी. पंचवीस वर्षांची पोरगी, भूगर्भशास्त्र शिकलेली, आणि राग असा की पाणी शिंपडलं तर चर्र वाजेल.

कशाला निघाली? तर जमिनीखाली तांबं आहे का, निकेल आहे का, हे आधी वरच्या मातीला विचारतात. टेकडीवर सरळ रेषेत लाल झेंड्या रोवायच्या. दर झेंडीपाशी वीतभर खड्डा. त्यातली माती कापडी पिशवीत. पिशवीत नंबराची चिठ्ठी, आणि खड्ड्याची खोली लिहिलेली चिठ्ठीची स्थळप्रत झोळीतल्या पुस्तकात. बस, एवढंच. त्या टेकडीवर झेंड्या होत्या चोवीस, आणि तीन दिवसांत भरल्या सोळा पिशव्या.

सोळाच का? लालसूबाबा पेंदामांमुळं. वाट दाखवायला घेतलेले म्हातारे गृहस्थ. हर्षा माती काढून पुढं धावली की बाबा मागं बसून खड्डा बुजवायचे, थोपटायचे, वर पळसाचं पान ठेवायचे.

“बाबा, वीतभर खड्डा आहे. विहीर नाही.”

“त्याले वीतभरच लागते, माय.”

“कोणाला?”

“खणक्याले. कधीकाळी तांब्यासाठी खणता खणता आतच राहिला तो. उघडा खड्डा दिसला का पुढं खणते. अन् आपण खणली नाही ती माती घ्याची नाही. ते त्याची.”

हर्षा म्हणाली, “तुमचा खणक्या फुकट खणत असेल तर त्याला कामावर घेऊ.”

बाबा हसले नाहीत.

त्या संध्याकाळी पाथोडे सरांनी, म्हणजे तिच्या साहेबांनी, सांगून टाकलं, “सकाळी सातला ट्रक निघेल. अर्धी रेषा प्रयोगशाळेत पाठवत नसतो. चोवीस पिशव्या नसतील तर ही टेकडी नकाशावरून गेली. नाहीतरी तिथं नुसता गंज आहे.”

नुसता गंज! हर्षानं त्या गंजलेल्या दगडावर तांब्याची हिरवी झाक पाहिली होती. तिनं पाहिली होती, त्यांनी नाही. बाबा म्हणाले, सकाळी जाऊ. ती म्हणाली, सकाळी ट्रक जातो. आणि निघाली.

सतरावी झेंडी. खणलं, भरलं, चिठ्ठी टाकली. खड्डा उघडाच ठेवला आणि पुढं निघाली. दहा पावलं गेली असेल. मागून आवाज. खट. खट. खट.

“बाबा, आलात का शेवटी? राहू द्या तो खड्डा.”

आवाज थांबला. आणि ऐका, मग तो पुढून यायला लागला.

अठराव्या झेंडीपाशी खड्डा तयार. गुडघाभर. तळाशी पिशवी, भरलेली, बांधलेली. आत चिठ्ठी, अठरा नंबरची, अक्षर हर्षाचं. तिला वाटलं, बाबा आडवाटेनं पुढं गेले, समेट करतायत म्हातारबुवा. चिठ्ठीवर तिचं अक्षर कसं? तेवढा विचार करायला वेळ कोणाला होता? कारण पिशवीत हिरवे खडे होते. झाक नव्हे, हिरवेगार.

एकोणिसावी. कमरेइतका खड्डा. ती उतरली, पिशवी काढली. होकायंत्राची सुई गरगरा फिरत होती. दुसरं कोणी घाबरलं असतं. ही खूश झाली. ज्या दगडात निकेल बसतं, तोच सुईला असा नाचवतो, हे तिनं शिकलेलं.

विसावी. पुरुषभर खोल. पालथं पडून कुदळीनं पिशवी ओढली.

एकविसावी. दोन पुरुष. ओढणीचं एक टोक मनगटाला, दुसरं कुदळीला बांधून पिशवी वर घेतली. त्यातला एक खडा असा होता, की दिव्यात मोराच्या गळ्यासारखा चमकला. तो तिनं खिशात टाकला. सकाळी पाथोडे सरांच्या टेबलावर आपटायला.

आणि बाविसावी. दिवा खाली धरला. तळ दिसेना.

“बाबा, खाली आहात का?”

खालून पिशवी वर आली. ती धरलेला हात आला. कोपरापर्यंत हिरवा, वर्षानुवर्षं न घासलेल्या घागरीसारखा. तिनं पिशवी घेतली. हो, घेतली, सवयीनं. मग दुसरा हात आला, रिकामा, आणि त्यानं ओढणीचं टोक धरलं.

“उजेड घेऊन खाली ये, पोरी. थोडंच राहिलं.”

ओढणीचं दुसरं टोक हर्षाच्या मनगटाला. ती सरकली. एक हात सरकली, दोन हात सरकली, छाती काठावर आली. आणि तेव्हा, थट्टा करून ज्याचं बोलणं उडवून लावलं, त्या म्हाताऱ्याचं वाक्य आठवलं. आपण खणली नाही ती माती घ्यायची नाही. तिनं पिशवी खाली फेकली.

ओढणी सुटली. खड्डा घशासारखा मिटला. वर सपाट जमीन.

पळाली. तर एकविसाव्या खड्ड्यानं वाट अडवलेली, झेंडी गिळून रुंद झालेला. फेकली पिशवी. मिटला. विसावा. फेकली. एकोणिसावा, अठरावा. प्रत्येक पिशवी टाकताना जीव तुटत होता तिचा, ते हिरवे खडे जाताना बघून.

राहिला सतरावा. तिचा स्वतःचा. तो आता कमरेइतका झाला होता, आणि तळातून खट, खट. ती गुडघ्यावर बसली आणि हातांनी माती लोटायला लागली. लोटते आहे, लोटते आहे, खड्डा भरत नाही. उलट काठ तिच्या गुडघ्यांखालून ढासळतोय. भरत का नाही?

खिशातला खडा.

तिनं तो काढला. एकदा दिव्यात पाहिला. एवढा एकच पुरावा होता, टेकडीत काय आहे त्याचा. आणि टाकला.

खट थांबलं. माती भरली. तिनं थोपटलं, चाचपडत पळसाचं पान शोधलं, वर ठेवलं.

सोळाव्या झेंडीपाशी कंदील घेऊन लालसूबाबा उभे.

“बुजवला?”

“बुजवला.”

बाबांनी कंदील उचलला आणि उताराला लागले.

सकाळी सातला ट्रक निघाला नाही. किल्ली सापडेना. ती हर्षाच्या खिशात होती, आणि हर्षा बाबांबरोबर टेकडीवर. उरलेले सात खड्डे तिनं उजेडात, स्वतःच्या हातानं खणले. स्वतः बुजवले. साडेनऊला चोवीस पिशव्या ट्रकमध्ये मोजून ठेवल्या आणि किल्ली पाथोडे सरांच्या हातावर ठेवली. सर खूप बोलले. तिनं ऐकून घेतलं, आणि हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा केलं.

मग सरांनी चिठ्ठ्यांचं पुस्तक मागितलं. उघडलं. पुस्तक तिच्यासमोर धरलं.

रात्रीच्या स्थळप्रती तिथंच होत्या. सतरावी सोडता तिनं न लिहिलेल्या, तिच्याच अक्षरात. खोलीच्या रकान्यात सतराला वीतभर. अठराला गुडघाभर. एकोणीस, कंबर. वीस, एक पुरुष. एकवीस, दोन पुरुष.

आणि बाविसाव्याला लिहिलं होतं, ‘खणणं चालू आहे.’

तेव्हा ऐका. टेकडीमागची ती वाट जवळची पडते, मला माहीत आहे. अंधार पडल्यावर त्या वाटेनं जायचं नाही. आणि दिवसा गेलात, कुदळ मारलीत, तर वीतभर का होईना, बुजवून या.

चला, आता त्या खाटेवरच्या मंडळींपैकी कोणीतरी मला घरापर्यंत सोडा.