बाकावरची झोप

प्राची : झोपू दिलंत? बाबा, यार! देवयानी मॅडमना कंपनीनं बेंगळुरूहून इथे लखनौत नव्या ऑफिससाठी इमारत बघायला पाठवलं होतं!

राजरत्न : मग काय करणार? मी शेंगा आणायला गेलो, परत येऊन बघतो तर बाई बाकावर गाढ झोपलेल्या.

प्राची : उठवायचं ना!

राजरत्न : थंडीच्या उन्हात झोपलेल्या माणसाला आपल्या बागेत कुणी उठवतं का? माळी पाईप घेऊन पलीकडे गेला. मिश्राजी एरवी बुद्धिबळात केवढे ओरडतात, आज हळूच म्हणाले, ‘सोने दीजिए, भाईसाहब.’

गयाबाई : मी सांगितलं होतं, आधी इमारत, मग बाग. पण ह्यांना बाग मिरवायची हौस!

राजरत्न : अगं, रस्ताच तिथून जातो.

गयाबाई : हो, वळसा घेतला की जातो.

प्राची : ऑनलाइन मीटिंग सोडून मीच त्यांच्याबरोबर जायला हवं होतं. इमारत बघितलीच नाही त्यांनी?

राजरत्न : एअरपोर्टला जाताना लांबून दाखवली. धुकं उतरलं होतं. वरचे मजले काही दिसले नाहीत.

प्राची : संपलं! आता ऑफिस दुसऱ्या शहरात जाणार. मी काय काय ठरवून बसले होते, माहीत आहे? इथे घरी राहीन, उजेड असताना परत येईन, आईबरोबर सब्जी आणायला जाईन. आता बसा तिकडे बेंगळुरूतच, ट्रॅफिकमध्ये.

राजरत्न : पोरी, एक सांगू? रागावू नकोस.

प्राची : बोला.

राजरत्न : कडुनिंबाची पानं त्यांच्या अंगावर पडत होती, तरी त्या हलल्या नाहीत. तू सुट्टीला येतेस, तेव्हा पहिला दिवस अशीच झोपून काढतेस, तोंड जरासं उघडं ठेवून. मला वाटलं, तूच आहेस. कसं उठवू गं?

गयाबाई : काहीतरीच तुमचं.

प्राची : ...थांबा. मॅडमचाच मेसेज आलाय.

(तिघेही गच्चीच्या दिव्याखाली सरकतात.)

गयाबाई : मोठ्यानं वाच.

प्राची : ‘इमारतीचे फोटो पाठव, भिंती सगळीकडे सारख्याच. आपण चांगली माणसं घेतो, शिकवतो, आणि ती दमून सोडून जातात. पगार वाढवून बघितले, तरी थांबत नाहीत. आज त्या बाकावर वाटलं, इथे थांबतील. माणसं थांबली तरच काम वाढेल. मी लखनौचंच नाव देते आहे.’

राजरत्न : लखनौचं?

प्राची : हो, बाबा! पुढे आहे. ‘बाबांना सॉरी सांग. त्यांनी पांघरवलेली शाल माझ्या अंगावरच राहिली.’

गयाबाई : कुठली शाल?

राजरत्न : ती... गाडीत होती ती.

गयाबाई : माझी?

राजरत्न : आता ऑफिस उघडायला येतील, तेव्हा आणतील की.

गयाबाई : जाऊ दे. ती बागही फुकट नाही आली हो. कचऱ्याचा ढीग होता तिथे. आख्ख्या कॉलनीनं राबून साफ केला, तेव्हा लोक हसायचे आम्हाला. अच्छा, म्हणजे पोर येणार ना घरी?

प्राची : वरच्यांनी हो म्हटलं, तर येईन. माझी खोली आहे ना अजून?

राजरत्न : आहे की. फक्त जास्तीच्या गाद्या टाकल्यात तिथे. आत्ता काढतो.

गयाबाई : आत्ता नको. सकाळी काढा, उन्हात टाकू.