खालचा बेड

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या फार्मसीत संध्याकाळी फ्लू शॉटची लाइन लागली होती. आश्लेषाच्या पुढच्या गृहस्थांनी फोन स्पीकरवर टाकला होता. इथे कुणाला मराठी कळत असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"दीक्षा, पोचलात देवळापाशी?"

"येस बाबा. कंबोडियात आत्ता सूर्य उगवतोय."

"आजी दमली नाही ना?"

"शी इज ऑसम! नागपूरहून एकटी आली, आता माझी बॅकपॅक पण उचलते. बाबा, तिला सांगितलं तुम्ही?"

"काय?"

"दॅट यू आर नॉट कमिंग."

"व्हिसा स्टॅम्पिंगची डेट कॅन्सल झाली गं. इथून निघालो तर परत यायचे वांधे. तूच सांग ना तिला."

"नो वे. शी इज युअर मॉम. घ्या, देते तिला."

"जय भीम, आई."

"जय भीम. केवढी रे ही देवळं! ते राहू दे. तू कधी पोचतोस?"

"आई, ते..."

"सहा वर्षं झाली तुला बघून."

"हो. होस्टेल बरं आहे ना?"

"छान आहे. रेल्वेसारखे एकावर एक बेड. मी वरती झोपते."

"वरती? या वयात? खालचा मिळाला नाही?"

"मिळाला ना. तुझा गुडघा दुखतो, म्हणून तुझ्यासाठी धरून ठेवलाय."

काउंटरवरून नाव पुकारलं गेलं. गृहस्थ जागचे हलले नाहीत. आश्लेषाच्या ओठांवर 'काका' आलं होतं. तिने ते गिळलं.

"सर," ती म्हणाली, "इट्स युअर टर्न."