वाकडी भिंत

मंठ्याकडच्या आमच्या घराची कुंपणाची भिंत वाकडी कशी, हे ज्यानं त्यानं विचारून झालं. गवंड्याची बिलकुल चूक न्हाई त्यात.

बहात्तरच्या दुष्काळाआधी बाबांनी घर बांधायला काढलं. बाबा शाळेत मास्तर. आईला उभ्यानं स्वयंपाक करायला ओटा पाहिजे होता, मला अभ्यासाला खोली. बाबांनी एकच मागितलं, आपल्या जागेतला आड भिंतीच्या बाहेर, रस्त्याकडं राहू द्या.

गवंडी म्हणला, "कामून, गुरुजी? सारं गाव पाणी भरंल. अन् भिंत बी वाकडी घ्यावी लागंल."

"घ्या वाकडी," बाबा म्हणाले.

बाबांच्या लहानपणी आमच्या लोकांना गावच्या आडाला हात लावायची बंदी होती. आजी बाबांना घेऊन लांब उभी राह्यची अन् "पाणी वाढा, माय" म्हणायची. पाटलीणबाईला सवड झाली की ती वरून घागरीत ओतायची.

मंग दुष्काळ पडला. गावातले आड आटले, आमच्या आडाला पाणी टिकलं. एक दिवस त्याच पाटलांचा मुलगा घागर घेऊन आला अन् लांबच थांबला. दोराला हात लावीना, परत बी जाईना. शेवटी म्हणला, "गुरुजी, जरा पाणी वाढता का?"

बाबा दारात पेपर वाचून राह्यल्ते. मान वर न करता म्हणाले, "वाढायची पद्धत न्हाई इथं. दोर हातात घ्या अन् वढा. भिंत काय उगंच वाकडी घेतली व्हय?"