बटन बरं हाये, पन अक्षर बदलव

चुकी किसनरावाची! दुसऱ्या कोनाची नाही, मले समजवाले कोनी येऊ नका. हे किसनराव नात्यानं माये मोठे बाबा, बाबाचे सख्खे भाऊ, अन् हुद्द्यानं आमच्या दारव्ह्याकडच्या सहकारी जिनिंगचे अध्यक्ष, म्हून त्याइले कोनी काही म्हनत नाही. मी म्हन्तो! इंजिनिअरिंग मी तिसऱ्या वर्षाले सोडलं, नोकरी नाही, पोरगी कोनी देत नाही... मायं कोन काय वाकडं करनार हाये?

तुमाले सांगतो, थे लॉकडाऊनचं साल. मार्चात कापसाची खरेदी बंद पडली थे बंदच. आमच्या समोरच्या खोलीत अडतीस क्विंटल कापूस, पार खिडकीच्या वर. टीव्ही त्याच्या मांगं गाडल्या गेला, बातम्या आयकू येत, दिसत नव्हत्या! वरतून मे महिन्याचं ऊन, पत्र्याचं घर, अन् त्या कापसातून असे बारीक किडे निंगत का मायच्या हातापायाले नुसत्या गांध्या. भाकर थापता थापता खाजवे बिचारी. तिचं एकच, "बाप्पा, पानी याच्या आत हा कापूस घराबाहेर काढ."

तवा ठरलं का खरेदी सुरू होईन, पन गर्दी नाही पायजे, मोबाईलवरून नाव नोंदवा, जो पयले नोंदवीन त्याचा कापूस पयले. आता अॅप कोन बनवीन? अध्यक्षाचा पुतन्या, फुकटात! बनवलं. नाव लिहा, सातबारा लिहा, अन् खाली एक हिरवं बटन, 'नाव नोंदवा'. सोमवारी दहाच्या ठोक्याले सुरू. रविवारी सकाळी जिनिंगच्या हाफिसात दाखवाले गेलो, तं किसनरावानं मोबाईल हातभर लांब धरला, मान तिरपी केली, जसं काही पोरगीच पाहून राह्यले, अन् म्हन्ते...

"बटन बरं हाये. पन अक्षर बदलव."

काहून? कायले? अवो, बटन दाबाले असते, का फ्रेम करून भितीले लावाले असते? "नाही बेटा, अक्षरात वजन नाही. माया पोरीच्या, सुरभीच्या लग्नाच्या पत्रिकेचं अक्षर पाह्य, कसं वळनदार! तसं टाक." झालं! गेलो पत्रिकावाल्या प्रेसमधी, बंद शटर ठोकून फॉन्ट आनला पेन ड्राइव्हमधी, टाकला... अन् काही बदललंच नाही! थो फॉन्ट होता वीस वर्साआधीचा, छापखान्यातल्या कम्प्युटरपुरता, मोबाईल त्याले वळखेचना. मी घाम पुसून समजावतो, तं किसनराव काय म्हन्ते? "आता समजलं तुयं कॉलेज काहून सुटलं." चार लोकाइत! ज्या मानसाले स्वतःच्या मोबाईलचा आवाज कमी करता येत नाही, त्याचा फोन मीटिंगमधी बोंबलते अन् हे त्याच्यावर टोपी ठेवते, थो मले इंजिनिअरिंग शिकवून राह्यला!

मग दुसरा फॉन्ट. तवा भगवानराव जागे झाले. हे संचालक. पाच वर्सात मीटिंगमधी च्याशिवाय काही मांगतलं नाही, पन त्या दिवशी, "जरासं जाड कर नं बावा, म्हाताऱ्याइले दिसलं पायजे." केलं जाड. आता जाड अक्षर त्या बटनात माईना, तं मोबाईलनं आपल्या मनानं कापलं, 'नाव नों' अन् पुढं तीन टिंबं. "हे टिंबं कायचे?" "मोठे बाबा, जागा नाही पुरली." "मंग अक्षर बदलव!" बदलवलं. बारीक झालं. "मुंगीसारखं दिसते, बदलव!" अवो राजेहो, पुरा रविवार! खरेदीचे काटे किती? माहीत नाही. बारदाना हाये का? पाहू. ट्रॅक्टर उभे कोठी राहातीन? होईन. पन अक्षर! अक्षरावर सहा घंटे चर्चा!

आता नीट आयका. माया मोबाईलात अॅप दोन होते. एक असली, जे गावच्या हातात. दुसरं सरावाचं, त्याच्यात मी करून पाहो, नोंद केली तरी कोठी जाये नाही. दिसाले दोन्ही सारखे. वळखू कशी येत? अक्षरावरून! असलीचं अक्षर साधं, सरावाचं नवं. बस, येवढीच खूण.

सोमवारी पावनेदहाले फोन. "बेटा, कालचं शेवटचं अक्षर पसंत हाये, तेच टाक असलीत." मी म्हन्लं, मोठे बाबा, पंधरा मिनटं राह्यले, दुपारी टाकतो. "उद्घाटनाले जुनं अक्षर? मी अध्यक्ष हावो का कोन?" टाकलं. माय बाजूले सातबारा धरून उभी, एका हातानं कागद, दुसऱ्यानं खाजवून राह्यली. दहा वाजले. अॅप उघडलं, मायचं नाव लिहिलं, इंदूबाई, दाबलं बटन... 'आपला क्रमांक १'!

माय रडली, तुमाले सांगतो. देवापुढं गूळ ठेवला, शेजारी वाटला. मीबी छाती फुगवून फिरलो घंटाभर. अकरा वाजता जिनिंगवरून यादी आली. एक नंबरले दुसराच कोनी. मायचं नाव वरून पाहा, खालून पाहा... नाही! मी सरावाच्या अॅपात दाबलं होतं. आता दोघाइचं अक्षर सारखंच होतं नं!

असलीत पुन्हा नोंदवलं. नंबर एक हजार एकशे त्रेसष्ट.

अन् किसनरावाचा नंबर? चौथा! त्याइच्या पोरानं, बंटीनं मोबाईलात नव्या अक्षराचं अॅप घेतलंच नाही, थो आळशी पोट्टा, जुन्या अक्षरावर दाबून मोकळा झाला. मी पयत गेलो. म्हन्लं, मोठे बाबा, यादी सरकारी कम्प्युटरमधी गेली, तुमी एक सही देसान तं मायचं नाव वर जाईन. तवा त्याइले न्याय आठवला! "पुतन्याले मधात घुसवलं तं लोक काय म्हन्तीन? अन् अॅप तं तुयंच होतं बेटा, तुले दाबता नाही आलं?" मी उठलो. मांगून भगवानराव म्हन्ते, "पन आता अक्षर शोभते हो."

जूनात पानी आलं. खरेदी नऊशे चाळीसवर बंद झाली. कापूस घरातच हाये. माय बाभुळगावले मावशीकडं राहाले गेली.