गोल झाला की मिसकॉल

माझं मूळ गाव दिंडोरीकडं, तिथं आम्हाला कुस्ती ठावं अन् विटीदांडू ठावं, फुटबॉल हा शब्द मी सातपूरला आल्यावर ऐकला. आयटीआय केलं, टर्नर म्हणून एका कारखान्यात लागलो, अन् काय सांगू ताई तुम्हाला, चौतीस वर्षं झाली, अजून दोन राहिली. मशीन तीनदा बदललं, मी तोच हाय.

तर सुकुमारन. तो केरळचा, माझ्या बाजूच्या मशीनवर. त्याला मराठी येत नव्हतं अन् माझी हिंदी अशी की बायको पदर तोंडाला लावून हसायची. रविवारी तो अन् त्याच्या मुलखातली माणसं कारखान्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर खेळायची, मी आपला उभा राहून बघायचो. एकदा त्यांचा गोलकीपर आला नाय, तर यानं मला हाताला धरून दोन विटांच्या मधी उभं केलं, म्हणला हाथ लगाव बस. मी हात लावला. तेव्हापासून जे लागलं ते लागलं, बायको म्हणायची तुम्हाला त्या मल्याळ्यानं काहीतरी खाऊ घातलंय.

आपला कॅप्टन, म्हणजे देशाच्या फुटबॉल टीमचा, त्यानंतर काही वर्षांनी खेळायला आला. नाव कशाला, आम्ही त्याला कॅप्टनच म्हणायचो, कॅप्टन नव्हता झाला तेव्हापासून. सुकुमारनच्या खोलीवर टीव्ही व्हता, तिथं आम्ही दोघं मॅच बघायचो. क्रिकेट असलं की सुट्टीत खात्यातले सगळे मोबाईलला चिकटायचे, अन् फुटबॉलचं नाव काढलं की म्हणायचे, आपली टीम हरतीच, काय बघता राव. हरायची, मी नाय म्हणत नाय. पण तो गडी, स्टेडियम निम्मं रिकामं असलं तरी शेवटच्या मिनिटापर्यंत पळायचा. कोणी बघो न बघो, हा आपली शिफ्ट पुरी भरणार. मला त्याचं तेच लय आवडायचं, कारण आम्हीपण तसलेच, आमच्याकडं कोण बघतंय.

मंग सुकुमारन रिटायर झाला. शाल-नारळ झालं, फोटो झाले, मी नाशिकरोडला गाडीत बसवायला गेलो. गाडी हलायच्या टायमाला तो म्हणला, गोल हुआ तो मिसकॉल. बस, एवढंच.

अन् पाळलं बरं का आम्ही. कॅप्टननं गोल केला की ज्याला आधी दिसला त्यानं एक रिंग द्यायची अन् कट करायचा, दुसऱ्यानं उचलायचा नाय. उचलून बोलणार काय, भाषा कुठं व्हती? सेकंड शिफ्टला फोन लॉकरमधी असायचा, सुटल्यावर बघायचो, दोन मिसकॉल असले की कळायचं दोन गोल झाले. सायकलवर घरी येताना मी एकटाच हसायचो. अकरा वर्षं चाललं हे.

बायको गेली त्याला चार वर्षं झाली. साधा ताप, अन् गेली. तेव्हा मला लय वाटलं सुकुमारनला कळवावं, तिच्या हातचं पिठलं त्यानं लय खाल्लं व्हतं, वहिनी वहिनी करायचा. पण कळवणार कसं? गोल तर झाला नव्हता, अन् फोन लावला तर तो उचलणार नाय, ठरलंच व्हतं तसं. मेसेज टाकावा तर मला त्याची लिपी येत नाय, त्याला माझी. म्हटलं भेटू कधीतरी तेव्हा सांगू. पोरगी पुण्याला दिलेली, ती आली, दिवस झाले, ती गेली. मंग मी अन् टीव्ही.

अन् एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर आलं, कॅप्टन निवृत्त होतोय, अमुक तारखेला शेवटची मॅच. डबा तसाच झाकला मी. खात्यात कोणाला सांगणार? तरी म्हटलं इतकी वर्षं खेळला, कोणीतरी तोंड गोड केलं पाहिजे, म्हणून मॅचच्या दिवशी पेढे नेले. तर लोक येऊन माझाच हात हातात घ्यायला लागले. एक जण वाकून पाया पडला, म्हणला काका, आता आराम करा. मी म्हटलं अरे मी नाय रिटायर होत, कॅप्टन होतोय. तर म्हणतो, कॅप्टनसाहेब कोणत्या खात्याला व्हते? मी म्हटलं खा बाबा पेढा.

संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसलो. खरं सांगतो ताई, लाज वाटते, पण देश जिंकावा म्हणून नव्हतो बसलो, मला एक मिसकॉल पाहिजे व्हता. शेवटचा. गोल झाला नाय. मॅच संपली, कॅप्टन हात जोडून मैदानाला फेरी मारत व्हता, रडत व्हता, सगळं स्टेडियम उभं. मीपण रडलो. घरात कोण व्हतं बघायला.

मंग मी सुकुमारनला फोन लावला अन् कट केला नाय. म्हटलं आज बोलायचं. पूर्ण रिंग वाजली, उचलला नाय. म्हटलं माणूस हाय का नाय. तेवढ्यात तिकडून एक रिंग आली, मी बटण दाबेस्तोवर कट. म्हणजे हाय. लय बरं वाटलं, अन् लय एकटंपण वाटलं.

आता नवीन पोरं खेळतात, गोलपण करतात, चांगली हायेत. मी कारखान्यात मशीन चालू करतो अन् मनातल्या मनात हिंदी घोकतो, सुकु, मेरी घरवाली नहीं रही. रविवारी त्याला फोन लावतो, आपोआप बंद होईस्तोवर वाजू देतो. थोड्या वेळानं तिकडून एक रिंग येते. मी झडप घालतो, तोवर कट. शब्दाचा पक्का माणूस, ठरलं ते ठरलं. सुखी राहो बाबा, जिथं हाय तिथं. वहिनी गेल्याचं त्याला अजून माहीत नाय.