टाकीतल्या दुर्वा

अगं, आमच्या सुनंदाला समुद्रावर जायला तिच्या बाबांनी कशी परवानगी दिली, ते सांगते. कॉलेजची काही मुलं हौसेनं कच्छच्या आखातात जाऊन पाण्याखालच्या गवताचं व्हिडिओ शूटिंग करणार होती, त्यावरून ते गवत कुठंकुठं आहे त्याचा नकाशा काढायचा होता. सुनंदाही त्यांच्यात.

"गवत बघायला समुद्रात?" हे म्हणाले. "त्यापेक्षा गावी धुळ्याला चल, गवताचं आपल्या बैलाला विचार!"

सरावासाठी मुलांनी काचेच्या पेटीतला कॅमेरा आमच्या अंगणातल्या टाकीत सोडला आणि वायर ओट्यावरच्या टीव्हीला जोडली. पण गवत कुठलं? इथं सुरतेच्या उधन्यात, कापडाच्या लूमच्या गल्लीत काडी उगवत नाही. त्या दिवशी माझी अंगारकी होती, तीही सुनंदासाठीच धरलेली. पूजेच्या ताटात बारडोलीहून मागवलेल्या दुर्वा होत्या. पोरगी ताटाकडे बघत राहिली.

म्हटलं, "ने गं. बाप्पा स्वतः दरवर्षी पाण्यातच जातात की."

एक जुडी देवापुढे ठेवली. बाकीच्या तिनं खड्यांना बांधून तळाशी सोडल्या.

आणि टीव्हीवर काय दिसलं सांगू! हिरवं रान नुसतं झुलत होतं, सावकाश, झोपेत असल्यासारखं. बघायला जमलेल्या शेजारणी टीव्हीपाशी सरकल्या. हेही खाटेवरून उठून टाकीपाशी आले.

"आत वारा नाही, मग हलतंय कसं?"

"मी पाण्यात हात फिरवतेय, बाबा. तिथं लाटा हलवतील."

यांनी बाही वर सारली, स्वतःचा हात टाकीत घातला आणि बराच वेळ फिरवत राहिले. मग तिच्याकडे न बघताच म्हणाले, "तिथं माझा हात नसेल. जपून जा."