कमळवालीचा चेहरा

— नाही हो मास्तर, भिंतीवरचे ते सात राहू देत, ते सात सुरेखच झालेत. लू बाबांच्या पाठीवरची तलवार तर अशी लखलखतेय की उद्या कुणीतरी तिच्यावर दाढी करायला येईल. लंगड्याचा भोपळा झाला, गाढवावर उलटा बसलेला म्हातारा झाला — मी बोलतेय ती आठवीबद्दल. आमच्या कमळवालीबद्दल. आठ चिरंजीवांत बाई एकच, आणि खाऱ्या वाऱ्यानं पोपडे धरून नेमकं तिचंच तोंड गळून पडलं. देवाघरीसुद्धा आधी बायकाच झिजतात! हसू नका, परांची हलते. हे घ्या, जेवून घ्या — भात आहे, टोफू आहे, मुळ्याचं लोणचं आहे — आणि जेवता जेवता ऐका. मी काय म्हणते, तिथं दुसरं तोंड काढा. माझं नको.

हो, माझंच होतं ते. कुणी बोललं नाही तुम्हाला? समितीनं तो जुना फोटो दिलाय ना, जसंच्या तसं काढा म्हणून? बघा त्यात, आणि मग बघा इकडे. ही खालची हनुवटी वजा करा, डोळ्यांखालचं वजा करा — हं, दिसलं? अहो, घास पडला.

एकोणीस वर्षांची होते. किनाऱ्यावर बायकांच्या रांगेत बसून कालवं फोडायची आणि घरी येताना इथल्या कामगारांना चहा आणून द्यायची. वडील देवळाची राखण करायचे ना, म्हणून. तेव्हा लुकांगचे म्हातारे को मास्तर भिंत रंगवत होते. एक दिवस म्हणाले, ‘पोरी, जरा उभी राहा.’ मला वाटलं — आता वाटणारच की हो त्या वयात — वाटलं, आपण सुंदर दिसत असू. तर म्हातारा म्हणतो कसा, ‘तुझा डावा गाल उजव्यासारखाच आहे. काम लवकर उरकेल.’ बस, एवढंच! हात नाही घेतले माझे. शिंपल्यांनी चिरलेले हात कोण घेतंय? हात दुसऱ्याच कुणाचे तरी आहेत, बघा ना, कधी भांडंसुद्धा घासलं नसावं असे.

आणि गंमत वाटायची मला, खोटं कशाला बोलू. मैत्रिणी चिडवायच्या, ‘सू-ग्योक, भिंतीवरून खाली उतर, कालवं फोडायची राहिलीत.’ पण त्याच हिवाळ्यात आमच्या गावच्या आ-खेंगची मासेमारीची होडी वादळात भरकटली. सगळ्यांनी आशा सोडली होती, आणि हा बाबा परत आला! किनाऱ्यावर आडवा पडून रडत रडत सांगायला लागला, की पाण्यावर हातात कमळ घेतलेली बाई पुढं पुढं चालत होती, तिच्या मागं वल्हवत आलो, आणि तिचं तोंड सू-ग्योकचं होतं. अहो, असणारच! महिनाभर रोज त्या भिंतीसमोर बसून चहा ढोसत होता तो, त्याला काय गाढवावरचा म्हातारा दिसणार? पण हे कुणाला सांगायचं? त्याची आई माझ्या पाया पडली, मास्तर. माझ्या आईपेक्षा थोरली बाई. मी पाय मागं घेतले, तर तिला वाटलं मी रागावले, ती आणखी जोरात रडायला लागली. मग मी पाय तिथंच ठेवले. तिथंच चुकलं बघा सगळं.

काय वाईट आहे म्हणता? नाही, सुरुवातीला नव्हतंच वाईट. मासळीवाली बाई पैसे घेईना, बसमध्ये लोक उठून जागा देत. पण मग मासळीवाली मासळीच देईना — चिरंजीव बाई मांस-मच्छी खातात का? तेव्हापासून हा टोफू. कांदा नाही, लसूण नाही. वर्षातून एकदा दात दुखतोय म्हणून चिआयीला जाते आणि बसस्थानकामागं तोंडाला रुमाल बांधून कालवांचं घावन खाते. रुमाल बांधून खायचं म्हणजे कसं, करून बघा एकदा! भांडायची सोय नाही. चिडले तर लोक म्हणतात समुद्र खवळेल. आणि लग्न? कमळवालीनं लग्न न करण्याचं व्रत घेतलंय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वर लू बाबांची भीती. त्यांचं म्हणे तिच्यावर मन होतं, जोडपी दिसली की मोडतात. मग तलवारवाल्या चिरंजीवाशी वैर घेऊन मला मागणी घालायला कोण येणार?

आला एक. बून-हाय. बर्फाच्या कारखान्यात होता, होड्यांना बर्फ पुरवायचा. घाबरत नव्हता कशालाच. मला म्हणायचा, ‘तुझं चित्र तुझ्यासारखं नाही आलं, तू जास्त वचावचा बोलतेस.’ वडिलांकडे आला सरळ. वडील म्हणाले, मी कोण ठरवणारा, देवाला कौल लावू. इथंच, याच फरशीवर. गाव जमलेलं. वडिलांनी लाकडी चंद्रकोरी कपाळाला लावल्या आणि टाकल्या. पडल्या — एक उताणी, एक पालथी. म्हणजे हो! लख्ख हो! मी समोर गुडघे टेकून बसलेली, मला दिसलं. आणि वडील वाकून बघायला म्हणून पुढं झाले आणि त्यांच्या चपलेचं टोक... असं... जरासंच. दोन्ही पालथ्या. ‘देव नाही म्हणतो,’ म्हणाले. लोकांनी सुस्कारा सोडला हो, सुटकेचा! बून-हायनंही बघितलं होतं. माझ्याकडे बघत राहिला, मी बोलेन म्हणून. पण कुणासमोर बोलणार? देवासमोर बापाला खोटं पाडायचं? ...हे मी तुम्हाला का सांगतेय? कुणाला सांगितलं नव्हतं कधी. वडील गेले बिचारे. त्यांचं तरी काय, माझ्यामुळं देवळाला यात्रा लागली, त्यांना पहिल्यांदा गावात किंमत आली. खा ना तुम्ही, थांबलात का?

पळाले होते एकदा. वडील असतानाच. काओश्युंगला, एका कारखान्याच्या खानावळीत तळणीवर कामाला लागले. दिवसभर तेल उडायचं, मुकादम शिव्या घालायचा — काय सुखाचे दिवस होते! ‘ए जाडे, हात उचल’ म्हणायचा, आणि मला वाटायचं, म्हण बाबा, आणखी म्हण. मग इकडे गावात जाळ्यात मासळी पडेना. झालं. एका दुपारी खानावळीच्या दारात ट्रक उभा राहिला — ढोल, झांजा, आणि पालखी. माझ्यासाठी पालखी, मास्तर! गावातले सगळे बाप्ये तेलकट फरशीवर गुडघे टेकून बसले. मुकादमाच्या हातातली सिगारेट गळून पडली. मी झारा ठेवला, हात पुसले आणि बसले पालखीत. करणार काय? आ-खेंग पुढं होता, तोच रडत होता.

म्हणून सांगतेय तुम्हाला. भिंतीवर माझं तोंड आहे तोवर मी कुठंही गेले तरी पालखी मागून येणार. पण आता तोंडच उरलं नाही. नवी कमळवाली, नवा चेहरा, संध्याकाळी समिती येऊन बुबुळं रंगवून तिचे डोळे उघडेल, उदबत्त्या लावतील, आणि म्हणतील, अरे, देवीनं रूप बदललं. मग सू-ग्योक कोण? टोफू खाणारी एक म्हातारी. ती कुठं का जाईना.

कुठं म्हणून काय विचारता? ...बून-हाय आलाय. बायको वारली त्याची. मुलाचं घर ताइतुंगला आहे, त्या किनाऱ्यावर, डोंगरापलीकडं. तिथं मला कुणी ओळखत नाही. म्हणाला, ‘आता कौल लावायचा नाही, चारच्या बसला ये.’ पिशवी भरून ठेवलीय. लाज वाटते हो या वयात सांगायला, पण केसांना रंगसुद्धा लावलाय, बघा, कानामागं थोडा राहिलाय. तर काढा बाई कुणाचंही. मनानं काढा. काय? मनानं काढायला मनात कुणीतरी असावं लागतं? मग असेल की कुणी! बायकोचं नका काढू, तिनं काय पाप केलंय — दुसरं कुणाचंही —

थांबा. खाली कुणीतरी आलंय.

या आजी, या. सावकाश, उंबरा आहे. बाळ दचकलंय? जीव अंगातून पळाला म्हणता? रात्रभर रडलं? आणा इकडे, आले मी खाली, आले... ये रे सोन्या. काही नाही हं, काही नाही. उदबत्ती धरा आजी, अशी कपाळाशी, हं. घर सोडून कुठं गेलं होतंस रे, ये परत, आईकडे ये, आपल्या घरी ये... झोपेल आता. नाही, फळं नकोत. बरं, ठेवा. उठा आजी, पायांना हात नका लावू. उठा ना. बरं... लावा. लावा.

— बघितलंत? ऐकलंत आवाज? हा माझा आवाजच नाही, कुठून येतो देव जाणे. आणि पोर झोपलं हो खरंच, दरवेळी झोपतं, तेच तर! जरा हात द्या, चढते वर. गुडघे गेलेत. काय, काढलंत? इतक्यात? बघू. कोळशानं का होईना, तोंड आलं बाई... छान आहे. भुवया कशा सरळ. आणि ही ओठांची कड, हसू दाबल्यासारखी... मास्तर. हे कुणाचं आहे?

खरं सांगा. सकाळी तुम्हाला चहा कुणी आणून दिला? समोरच्या शेवयावाल्याची पोर, पेई-यू ना? हो, तीच. ही तीच आहे. अहो, ती नर्सिंगला चाललीय ताइनानला, परवा! कालपासून नाचतेय, सगळ्यांना नवे बूट दाखवतेय! — नाही, माहीत नव्हतं तुम्हाला, कबूल. नुसत्या रेषा चांगल्या होत्या म्हणून काढल्यात. को मास्तरही तेच म्हणाले होते. पण संध्याकाळी लोक येतील, तिच्याकडे बघतील, मग भिंतीकडे बघतील. मग एक दिवस कुणाची तरी होडी परत येईल. आणि तिच्या वसतिगृहाच्या दारात ट्रक —

पुसा ते. पुसा म्हणते ना! तो फडका द्या इकडे, मीच पुसते. कड राहिली, तिथं. आता? आता काय काढणार? नको, दुसरं नको, तुमच्या मनात उद्या आणखी कुणी येईल आणि तिलाही कुठंतरी परवाच जायचं असेल. बिनचेहऱ्याची ठेवता येत नाही, ठाऊक आहे मला, संध्याकाळी डोळे उघडायचेत.

माझंच काढा.

नाही, विचार झाला. फोटो ठेवा खाली, त्यात काय डोंबल दिसतंय. मी बसते ना इथं. अशी? खिडकीकडे तोंड करून? बरं. हा आवाज... चारच्या बसचा आहे. वळणावर दोनदा हॉर्न वाजवतो तो, कुणी यायचं असेल तर थांबतो जरा. तिकडे बघू नका तुम्ही, तुमचं काम करा. बून-हाय समजेल. पहिल्यांदाही त्याला समजलंच होतं की. बघा, थांबलीय अजून... माणूस किती वेळ थांबवतो हो बस... निघाली. निघाली वाटतं.

डोळ्यांत पाणी नाही, कोळसा गेलाय. काढा तुम्ही. काय म्हणालात? ओठ? आता ओठ काढताय?

बरं. मिटते तोंड.